घाट उतरताना घड्याळ थांबवा

आमच्या सायकलवाल्या टोळक्यात गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. रविवारी सकाळी जांबोटीला चहाला थांबलो की वादाला तोंड फुटतं आणि बेळगावात परत येईपर्यंत तो संपत नाही. वाद असा : आपल्या भागात एखादी ट्रायथलॉन भरवायची झाली, तर तिचा सायकलचा टप्पा चोर्ला घाटातून असावा की नसावा? खरं तर अजून कशाचाच पत्ता नाही. शर्यत नाही, परवानगी नाही, पैसेही नाहीत. कुणाच्या तरी डोक्यात आलेली कल्पना आहे, एवढंच. तरीही आमच्यात दोन तट पडलेत आणि दोघांनी तर आठवडाभर एकमेकांशी अबोला धरला होता.

मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे सायकलशिवाय दुसरा विषय नाही. संपादक म्हणाली, "मग त्याच्यावरच लिही की! पण नुसतं वर्णन नको, मत पाहिजे." मत माझ्याकडे आहे. ते कसं तयार झालं हे सांगताना मला एक गोष्ट कबूल करावी लागणार आहे. ती मी आजवर घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

आधी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, तिन्ही एकापाठोपाठ. यातली सगळ्यांत गाजलेली शर्यत आयर्नमॅन. १९७८ साली हवाईत पंधरा जणांनी ती पहिल्यांदा सुरू केली आणि त्यातल्या बारा जणांनी पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणं. तिचं अर्धं रूप २०१९ साली पहिल्यांदा गोव्यात, मिरामारला झालं. आमच्यापैकी तिघे त्यात उतरून आले आहेत. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, माझा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. पाण्यात उडी मारल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत घड्याळ एकदाही थांबत नाही. पोहून आल्यावर बूट घालायला लागणारा वेळसुद्धा मोजला जातो.

आणि हे करणारे बहुतेक लोक तुमच्याआमच्यासारखेच असतात. सोमवारी त्यांना ऑफिस गाठायचं असतं. बक्षिसाची आशा नसते. वर्षभर पहाटे चारला उठायचं, नवऱ्याची किंवा बायकोची बोलणी खायची, पदरचे पैसे घालायचे आणि शेवटी गळ्यात एक पदक. अशा हौशी लोकांबद्दलच मी बोलते आहे. व्यावसायिकांचं गणित वेगळं असतं.

आता माझी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पावसाळा नुकताच सरला होता. कणकुंबीच्या पुढे रस्ता घाटात शिरतो आणि केरीकडे उतरत जातो. वर साधारण ८०० मीटरची उंची आणि खाली अंजुणे धरणाचं पाणी. ज्यांनी गाडीतून हा घाट पाहिलाय त्यांना त्याची वळणं माहीत आहेत. सायकलवर मात्र तो घाट निराळाच असतो. चढताना प्रत्येक मीटर मोजून घेतो आणि उतरताना मोजायला वेळच देत नाही.

आमच्यातला एक मित्र आदल्या आठवड्यात हा उतार एका ठरावीक वेळात उतरला होता. मोबाइलच्या ॲपवर त्याची वेळ दिसत होती. मी चढावर त्याच्यापेक्षा मागे असते, पण उतारावर आपण त्याला गाठू शकतो असं मला वाटत होतं. मनगटावर घड्याळ होतं आणि मी एका वळणाच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. बस्स, तेवढंच. मान वर केली तेव्हा वळण आलं होतं, कडेला पावसात वाहून आलेली बारीक खडी होती आणि माझा वेग कमी करायची वेळ निघून गेली होती. ब्रेक दाबला तसं मागचं चाक घसरलं. मी डाव्या अंगावर पडून घसरत कठड्यापर्यंत गेले. गळ्याखालचं हाड मोडलं, कोपर सोलून निघालं, हेल्मेटला तडा गेला. कठडा नसता तर काय झालं असतं यावर मी फार विचार करत नाही.

दुखापतीपेक्षा नंतरची वीस-पंचवीस मिनिटं मला जास्त आठवतात. मी टोळक्यात सगळ्यांत पुढे होते, म्हणून मला पडताना कुणी पाहिलं नाही. मोबाइलला रेंज नव्हती. मागचे लोक वर फोटो काढत थांबले होते. मी पुढे आहे म्हणजे खाली पोहोचली असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. दोन मोटारी गेल्या, पण मी वळणाच्या आतल्या बाजूला कठड्याला टेकून बसले होते, त्यांना दिसले नाही. शेवटी बेळगावहून गोव्याला भाजी नेणारा एक टेंपो थांबला. ड्रायव्हरकाकांनी मला पुढे बसवलं, सायकल भाजीच्या क्रेटवर टाकली आणि खालच्या दवाखान्यात सोडलं. वाटेत ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "पोरी, मी रोज ह्या घाटानं उतरतो. टमाटे फुटू नयेत म्हणून हळू येतो. तुला कसली गं घाई?"

घरी मी सांगितलं की खडीवरून घसरले, वेग काही नव्हता. आई म्हणाली, "कशाला जीव धोक्यात घालायलीस?" मी म्हटलं, रस्ताच वाईट होता. आई, हे वाचशील तेव्हा माफ कर. रस्ता वाईट नव्हता. मी घड्याळाशी शर्यत लावली होती.

आता वादाकडे येते. आमच्या टोळक्यात घाटाबद्दल साधारण चार मतं आहेत आणि गंमत म्हणजे प्रत्येकात काही ना काही खरं आहे.

पहिलं मत बँकेतल्या काकांचं. वय बावन्न, गोव्याची शर्यत पूर्ण केलेले. ते म्हणतात, "घाट नकोच. पोहून आणि चढून थकलेल्या माणसाला साठच्या वेगानं वळणावर सोडायचं, हे शहाणपण नव्हे. मला दोन मुली आहेत. सपाट रस्त्यावर मी चुकलो तर खरचटेल, घाटात चुकलो तर दरीत." काकांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

दुसरं मत माझ्या त्या मित्राचं, ज्याची वेळ मोडायला मी गेले होते. तो म्हणतो, उतरणं हेसुद्धा कौशल्य आहे. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी आपण समुद्र उथळ करत नाही, मग ज्याला उतरता येत नाही त्याच्यासाठी डोंगर सपाट का करायचा? शिकावं की! हे मतही मला पटतं. वळणाआधी ब्रेक लावायचा, वळणात नाही. बाहेरचा पाय खाली दाबून ठेवायचा. नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथं संपतं तिथं ठेवायची. हे सगळं शिकता येतं आणि शिकलेला माणूस सुरक्षित असतो.

तिसरं मत डॉक्टर ताईंचं. त्या म्हणतात, तुम्ही चुकीच्या ठिकाणी घाबरता. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींतल्या दुर्घटनांचा एक अभ्यास झाला होता. अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचलेले आणि अपघाती मृत्यू मिळून १३५ घटना त्यात नोंदलेल्या आहेत. त्यातल्या ९० पाण्यात घडल्या. म्हणजे जीव जातो तो मुख्यतः पोहताना, तोही बहुधा हृदयामुळे. "घाटावर चर्चा करण्यापेक्षा चाळिशीनंतर छातीची तपासणी करून घ्या," असं त्या काकांना तोंडावर सांगतात.

या आकड्यांवर मी बराच विचार केला. ताईंचं खरं आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे. इजा होऊन झालेले मृत्यू १५ होते आणि ते सगळेच्या सगळे सायकलच्या टप्प्यात झाले. दुसरं असं की पाण्यातल्या धोक्याची जाणीव असल्यामुळे तिथं व्यवस्था उभी राहिली. होड्या असतात, जीवरक्षक असतात, डोक्यावर भडक रंगाची टोपी असते. किती जण पाण्यात उतरले आणि किती बाहेर आले, हे मोजलं जातं. एक जरी कमी भरला तरी धावपळ सुरू होते. उतारावर असा हिशेब कोण ठेवतं? वरून किती सुटले आणि खाली किती पोहोचले, हे कुणाला ठाऊक असतं? मी पंचवीस मिनिटं कठड्याला टेकून बसले होते तेव्हा माझ्या टोळक्याच्या हिशेबात मी खाली पोहोचलेली होते.

चौथं मत सगळ्यांत कमी ऐकलं जातं, कारण ते मांडणारी व्यक्ती नेहमी शेवटी पोहोचते आणि तोवर चहा संपलेला असतो. आमच्यात एक शाळेतल्या बाई आहेत. चढावर त्या हळू असतात आणि उतारावर तर दोन्ही ब्रेक धरूनच येतात. त्या एकदा म्हणाल्या, "मला घाटाची भीती वाटत नाही, गं. मला कट-ऑफची भीती वाटते." कट-ऑफ म्हणजे अमुक वेळेत अमुक ठिकाणी पोहोचला नाहीत तर शर्यतीतून बाद. बाईंचं म्हणणं असं : चढावर माझे पाय जेवढं देतात तेवढंच देतात, तिथं वेळ भरून काढता येत नाही. धावताना तर मी मेलेलीच असते. मग वाचवायचा वेळ कुठं वाचवणार? उतारावरच. म्हणजे ज्या ठिकाणी मी सगळ्यांत कच्ची आहे, त्याच ठिकाणी शर्यत मला सांगते की आता पळ.

हे ऐकल्यावर वादाचं मूळ मला दिसलं. आम्ही सगळे डोंगराबद्दल भांडत होतो आणि खरा प्रश्न घड्याळाचा होता.

थोडं गणित बघा. मी विज्ञान शाखेची आहे, तेव्हा एवढी सूट द्या. ताशी ३० किलोमीटर वेगानं जाताना समोर काही दिसलं, तर ब्रेक दाबायला सुचेपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. नंतर थांबायला आणखी सातेक मीटर लागतात. एकूण पंधरा. वेग ६० झाला की लोकांना वाटतं हे अंतर दुप्पट होईल. होत नाही. सुचेपर्यंतचे मीटर दुप्पट होतात, पण ब्रेक लागल्यानंतरचे चौपट होतात. कोरड्या, सपाट रस्त्यावरसुद्धा एकूण पंचेचाळीस मीटरच्या आसपास. उतारावर आणखी जास्त आणि ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. घाटातल्या कितीतरी वळणांवर पंचेचाळीस मीटर पुढचं दिसतच नाही.

आयर्नमॅनमध्ये हौशी खेळाडूंनी पुढच्या सायकलपासून बारा मीटर अंतर ठेवायचं असतं. हा नियम पुढच्याच्या आडोशाचा फायदा कुणी घेऊ नये म्हणून आहे. साठच्या वेगाला बारा मीटर म्हणजे पाऊण सेकंदसुद्धा नाही. पुढचा पडला तर मागच्यानं काय करायचं?

त्यात सायकलींची रचना. ट्रायथलॉनच्या खास सायकलींना पुढे दोन दांड्या असतात, त्यांवर कोपरं टेकून वाकून बसायचं म्हणजे वारा कमी लागतो. पण त्या अवस्थेत हात ब्रेकवर नसतात. ब्रेक बाजूच्या हँडलवर, तिथवर हात न्यायला लागतो. सपाट रस्त्यावर ही सायकल राणीसारखी चालते, घाटात तीच अडून बसते. उंच कडांची चाकं आडव्या वाऱ्यात ओढली जातात. लांब उतारावर सतत ब्रेक धरला तर ब्रेक तापतात. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिमही तापते आणि ट्यूब फुटू शकते. पैसे जास्त टाकून घेतलेली सायकल उतारावर जास्त सुरक्षित असतेच असं नाही.

हा वाद फक्त आमचाच नाही. आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा वर्षानुवर्षं हवाईतल्या कोना इथं होत आली. तिथं ऊन आणि वारा छळतो, पण मोठे डोंगर चढावे लागत नाहीत. २०२३ साली पुरुषांची स्पर्धा फ्रान्समधल्या नाइस शहरात गेली, २०२४ साली महिलांची. नाइसचा सायकलमार्ग समुद्रकाठावरून सुटून आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांत शिरतो. एकूण चढ साधारण २,४०० मीटर, म्हणजे तीन चोर्ला एकावर एक. आणि जेवढं चढायचं तेवढं उतरायचंही. जगभरच्या हौशी खेळाडूंत तेव्हा हीच चार मतं निघाली. कुणी म्हणालं, अखेर खऱ्या सायकलस्वाराची परीक्षा होणार. कुणी म्हणालं, आम्ही सपाट मुलखात राहतो, उतरण्याचा सराव करायचा कुठं? साधी रोड सायकल न्यावी की खास सायकल, यावर तर महिनोन्‌महिने काथ्याकूट चालला. २०२६ पासून स्पर्धा पुन्हा कोनाला, एकाच ठिकाणी आणायचं ठरलं. त्यामागे सुरक्षिततेपेक्षा बाकीचीच कारणं जास्त होती. प्रश्न मात्र तसाच राहिला.

काकांसारखे लोक म्हणतील, बघा, सपाट तेच बरं. पण त्यांना मी हँबर्गची आठवण करून देते. जर्मनीतलं हे शहर अगदी सपाट. ४ जून २०२३ रोजी तिथल्या आयर्नमॅनमध्ये दोन्ही बाजूंनी सायकली चालू असलेल्या रस्त्यावर शर्यतीसोबतची एक मोटारसायकल आणि एक खेळाडू समोरासमोर धडकले. मोटारसायकलस्वार जागीच गेला, खेळाडू गंभीर जखमी झाला. तिथं ना घाट होता, ना वळणं. अरुंद रस्ता, दोन्ही दिशांची वाहतूक आणि घाई एवढं पुरेसं ठरलं.

आणि माझ्या मित्रासारखे जे कौशल्यावर विसंबतात, त्यांच्यासाठी दोन नावं. जीनो मेडर, स्वित्झर्लंडचा व्यावसायिक सायकलपटू, वय सव्वीस. १५ जून २०२३ रोजी टूर द स्वीसच्या पाचव्या टप्प्यात आल्बुला खिंडीच्या उतारावर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या टप्प्याची शेवटची रेषा उतार संपल्या संपल्या खालच्या गावात होती. तो शिकलेला नव्हता असं कोण म्हणेल?

दुसरं नाव म्युरिएल फुरर. तीही स्वित्झर्लंडचीच, वय अवघं अठरा. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचला ज्युनिअर गटाच्या जागतिक स्पर्धेत पावसात जंगलातल्या उतारावर ती पडली. बराच वेळ ती पडलीय हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं निधन झालं. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. अठरा म्हणजे आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलींचं वय. जागतिक स्पर्धेत, बंद केलेल्या रस्त्यावर, इतक्या लोकांच्या देखत ती हरवली. मग चोर्ल्यात मी कोण?

तर माझं मत. शर्यत झाली तर घाटातून व्हायला हरकत नाही. मी त्यात उतरेनही. पण घाट उतरताना घड्याळ थांबवलं पाहिजे.

ही माझी कल्पना नाही, फ्रान्समध्ये हे चालू आहे. 'ला मार्मोत' नावाची हौशी सायकलस्वारांची जुनी शर्यत आहे, १९८२ पासूनची. तिच्यात एका दिवसात आल्प्सचे चार मोठे चढ चढायचे असतात. त्यात ग्लांदों खिंडीचा उतार धोक्याचा आहे, म्हणून त्या उताराचा वेळ हिशेबात धरत नाहीत. माथ्यावर पट्टीवरून गेलात की तुमचं घड्याळ थांबतं, खालच्या पट्टीवर पुन्हा सुरू होतं. मधे तुम्ही सावकाश या, थांबा, पाणी प्या, तुमचा क्रमांक बदलत नाही. डोंगर तोच, दरी तीच, पण घाईचं कारण नाहीसं होतं.

याचा आणखी एक फायदा म्हणजे मोजणी आपोआप होते. माथ्यावर एक पट्टी, पायथ्याला एक पट्टी. वरून अमुक क्रमांक सुटला आणि वाजवी वेळात खाली आला नाही, तर लगेच समजतं. पाण्यात जो हिशेब ठेवतात तोच घाटात ठेवता येतो. त्याला जोडून प्रत्येक अवघड वळणावर शिट्टी आणि वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस हवा. मोबाइलवर भरवसा नको. आदल्या दिवशी खडी झाडून काढलेली हवी. रस्ता एकाच दिशेनं चालू हवा. आणि कट-ऑफच्या हिशेबातून उताराचा वेळ वगळलेला हवा, म्हणजे शाळेतल्या बाई दोन्ही ब्रेक धरून आल्या तरी त्यांना कुणी बाद करणार नाही.

यावर मित्रानं लगेच आक्षेप घेतला. "मग जो उतरायला शिकलाय त्याला काय फायदा?" फायदा आहेच. तो न दमता, न घाबरता खाली येईल. त्याचे हात आखडणार नाहीत आणि पुढे धावायला तो ताजा असेल. फक्त दुसऱ्याला मागे टाकून मिळणारी मिनिटं त्याला मिळणार नाहीत. आणि खरं सांगू? सोमवारी कामावर जाणाऱ्या माणसाला त्या मिनिटांची किंमत फार लावू नये. दीड मिनिटासाठी मी माझं हाड मोडून घेतलं. ते दीड मिनिट मला कशालाच उपयोगी पडलं नसतं.

काकांचा आक्षेप वेगळा होता. "घड्याळ थांबवलं तरी काही पोरं सुसाटच येणार. तुमच्या वयाला कोण थांबवणार?" हे खरं आहे. नियमानं सगळा माज उतरत नाही. पण मी माझ्याबद्दल सांगू शकते. त्या दिवशी मनगटावर घड्याळ नसतं तर मी ते वळण पाहिलं असतं.

तिसरा आक्षेप आमच्यापैकी कुणी घेतला नाही, म्हणून मीच घेते. रस्ता बंद करायचा म्हणजे कुणासाठी बंद करायचा? बेळगावची भाजी आणि दूध रोज गोव्यात जातं, त्यात हा घाट मोठा रस्ता आहे. आपण पन्नास-शंभर हौशी लोक सकाळभर घाट अडवणार आणि भाजीचे टेंपो वर ताटकळत उभे राहणार. आम्ही त्या टेंपोंना 'अडथळा' म्हणतो. मला त्यातल्याच एका अडथळ्यानं उचलून दवाखान्यात नेलं. म्हणून शर्यत असेल तर दिवस आणि वेळ आधी महिनाभर कळवलेली असावी, पहाटे लवकर सुरू होऊन लवकर संपावी आणि त्या ड्रायव्हर लोकांना, कणकुंबीच्या आणि केरीच्या माणसांना आधी विचारलेलं असावं. घाट कसा वागतो हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. कुठल्या वळणावर धुकं बसतं, कुठं पाणी झिरपतं, कुठं डिझेल सांडलेलं असतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. सुरक्षिततेची बैठक घ्यायची तर पहिली खुर्ची त्यांची.

आणि शेवटी एक गोष्ट, जिच्यासाठी कुठल्याही आयोजकाची वाट पाहायला नको. आपल्या कॉलेजची कितीतरी मुलं हल्ली रविवारी आंबोलीला, चोर्ल्याला सायकल घेऊन जातात. चांगली गोष्ट आहे. पण उतारावरची वेळ ॲपवर टाकणं बंद करा. चढाची टाका, खुशाल मिरवा, चढ आपण कमावलेला असतो. उतार आपल्याला डोंगर फुकट देतो, त्याचा कसला विक्रम? माथ्यावर सगळे जमेपर्यंत थांबा. किती आहोत ते मोजा. खाली पोहोचल्यावर परत मोजा. सगळ्यांत हळू येणाऱ्याच्या मागे एक सरावलेला सायकलस्वार ठेवा. आमच्या टोळक्यानं हे गेल्या वर्षापासून सुरू केलंय. पहिल्या दिवशी सगळे हसले. आता कुणी हसत नाही.

मागच्या रविवारी आम्ही नऊ जण उतरलो. खाली धरणाजवळ मी मोजले, आठच भरले. दोघं लगेच मागे वळलो. तिसऱ्या वळणावर शाळेतल्या बाई भेटल्या, रस्त्याकडेला थांबून पंक्चर काढत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "अगं, तुम्ही कशाला चढून आलात? मी येणारच होते की!"

माहीत होतं, बाई. तरी आलो.